दुसऱ्या दिवसाचं पत्र

कारखान्यात तिला तोंडावर सगळे दुभाषीबाई म्हणत आणि पाठीमागे टपालपेटी. तिला दोन्ही नावं ठाऊक होती. दुसऱ्या नावाचा तिला राग नव्हता, कारण तेच जास्त खरं होतं. अठरा वर्षं ती परदेशी गिऱ्हाइकांच्या बैठकीत मालकांच्या डाव्या हाताला बसून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगत आली होती, पण तिचं खरं काम बैठक संपल्यावर सुरू व्हायचं. एकेक जण तिच्या टेबलाशी यायचा, रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा, इकडेतिकडे बघायचा आणि म्हणायचा, "बाई, ते मघाशी मी हो म्हणालो ना, ते जरा..."

पुढचं वाक्य कुणीच पूर्ण करत नसे. ते पूर्ण करण्याचा तिला पगार मिळायचा.

कारखाना चिनी मातीच्या इन्सुलेटरचा. मोठ्या विजेच्या तारा ज्या तपकिरी, चकत्याचकत्यांच्या दांड्यांवर टेकलेल्या असतात, ते इथे बनत. माती मळायची, आकार द्यायचा, आठवडेच्या आठवडे वाळवायचं आणि मग भट्टीत घालायचं. यातलं वाळवणं फार हट्टी काम. घाई केली की नग बाहेरून कोरडा दिसतो, आत ओला राहतो आणि भट्टीत गेल्यावर उभा तडकतो. मालक कोण, गिऱ्हाईक कोण, जहाज कधी सुटणार, यातलं मातीला काही कळत नाही.

माणसांना मात्र फार कळायचं. थोरल्या मालकांच्या वेळेपासून तिथे एक रीत पडली होती. पाहुणा समोर बसलेला, मालक शेजारी, हातात चहाचा कप, अशा वेळी कुणी नाही म्हणत नसे. फसवायचं कुणाच्या मनात नव्हतं. पाहुणा एवढ्या लांबून आलाय, मालकांनी आपल्यावर भरवसा टाकलाय, चारचौघांत दोघांनाही खाली बघायला कशाला लावायचं, एवढाच साधा विचार. नकार द्यायचा, पण मागाहून द्यायचा, तिसऱ्या माणसाकरवी, मवाळ शब्दांत. मग दुसऱ्या दिवशी ती पत्र लिहायची. कालच्या भेटीचा फार आनंद झाला, आपण सुचवलेल्या मुदतीचा आम्ही पुन्हा एकदा बारकाईने विचार केला, असं सुरू करून तिसऱ्या परिच्छेदात कुठेतरी खरा आकडा अलगद ठेवून द्यायची.

हे चाललं, कारण समोर म्हातारा होता. म्हातारा म्हणजे त्यांच्या सगळ्यात मोठ्या परदेशी गिऱ्हाइकाचा खरेदी अधिकारी. त्याच्या देशात माणसं खोलीत जे बोलतात तेच खरं धरतात, नाही असेल तर नाही म्हणतात आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळतात. पहिल्या एकदोन खेपांना म्हाताऱ्याने इथे चांगलाच मार खाल्ला असावा. पुढे त्याने आपल्यापुरती एक पद्धत पाडून घेतली. बैठकीच्या टिपणात तारखेचा रकाना तो कोरा ठेवायचा आणि परतीचं विमान एक दिवस उशिराचं घ्यायचा. तो जादा दिवस तो अतिथिगृहाच्या व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत काढायचा. पत्र हातात पडलं की तारीख भरायचा, सही करायचा आणि जायचा. याबद्दल दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. पण तिच्या कामाची खरी पारख त्या एका माणसाला होती, आणि या वसंतात तो निवृत्त झाला.

त्याच्या जागी आलेल्या बाईने पहिल्याच निरोपात कळवलं: सकाळी पोहोचते, दुपारी बैठक, बैठकीतच सह्या, दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान.

दुभाषीबाईंनी तो निरोप दोनदा वाचला. याला कारण तिचा दादा.

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, वाळवणखोली आणि भट्टी यांचा प्रमुख. एकोणिसाव्या वर्षी थोरल्या मालकांनी त्याला कामावर घेतलं, तेव्हापासून तो तिथेच. तीन वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत त्याने अशक्य मुदतीला मान डोलावली होती. नेमकी दुसऱ्या दिवशी ती तापाने अंथरुणावर, पत्र गेलं चार दिवस उशिरा. तोवर पत्र नाही म्हणजे हरकत नाही असं धरून म्हाताऱ्याने तारीख भरली, जहाज ठरलं, काम लागलं. दिलेला शब्द पुरा करायला दादा महिनाभर भट्टीपाशी खाट टाकून राहिला, आणि एके दिवशी भट्टीच्या दारातच कोसळला. हृदयाच्या दोन नळ्या बंद निघाल्या. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असं केलं तर मी काही करू शकणार नाही. मालकांनी दवाखान्याचं सगळं बघितलं, रोज येऊन बसले, अगदी घरच्यासारखे. ती मुदत मुळात अशक्य होती, हे मात्र त्यांच्या कानावर कुणी घातलं नाही. दुभाषीबाईंना वाटत राहिलं की आपल्याला ताप यायला नको होता.

आता नव्या बाईला सहाशे मोठे नग दहा आठवड्यांत हवे होते. दादाच्या हिशेबाने त्याला सोळा लागत. हे दादा स्वयंपाकघरात सांगे, भट्टीपाशी सांगे, बहिणीला दिवसातून दोनदा सांगे.

मालक काही गाफील नव्हते. गिऱ्हाइकाचा माणूस बदलला, आता रीतही बदलायला हवी, एवढं त्यांनी ओळखलं आणि एक प्रशिक्षक बोलावला. दोन दिवसांचं शिबिर, विषय परदेशी लोकांशी व्यवहार. तरतरीत माणूस, पायात आवाज न करणारे बूट. त्याने भिंतीवर एक तक्ता दाखवला. त्यात रंगीत वर्तुळं होती आणि वर्तुळांत देश. सरळ बोलणारे एका टोकाला, आडून बोलणारे दुसऱ्या टोकाला. पाहुणीचा देश पहिल्या टोकाला आणि आपण दुसऱ्या टोकाला, इतक्या कडेला की अर्धं वर्तुळ भिंतीबाहेर गेलं होतं.

"या लोकांना नकाराचा राग येत नाही," प्रशिक्षक म्हणाला. "उलट तुम्ही नाही म्हणालात तर त्यांचा तुमच्यावर विश्वास बसतो. चला, सराव करू."

मग सगळ्यांना जोड्या करून उभं केलं आणि एकमेकांना नाही म्हणायला लावलं. मोठी मोठी माणसं शाळेतल्यासारखी लाजत होती. दादाची पाळी आली तेव्हा त्याने प्रशिक्षकाच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "नाही. या मुदतीत हे होणार नाही." टाळ्या पडल्या. प्रशिक्षकाने त्याच्या छातीवर एक हिरवा गोल कागद चिकटवला.

जेवणाच्या सुट्टीत प्रशिक्षकाने दादाला विचारलं, संध्याकाळी जाता जाता भट्टी आतून बघता येईल का? दादा म्हणाला, "हो की, बघू ना." भट्टी आदल्याच दिवशी माल भरून बंद केलेली, पुढचे पाच दिवस कुणाच्या बापाला उघडता आली नसती. संध्याकाळी प्रशिक्षक तासभर फाटकापाशी ताटकळला. शेवटी दादा हिरवा गोल तसाच छातीवर घेऊन बहिणीच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "चिमे, त्या बिचाऱ्याला जरा जाऊन सांग ना."

ती बावन्न वर्षांची होती, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला होता, आणि अजून कारखान्याच्या मधोमध तिला चिमे अशी हाक यायची. ती गेली आणि तिने सांगितलं. प्रशिक्षक हसला, पण त्याच्या डोक्यात काही प्रकाश पडल्याचं तिला दिसलं नाही.

जाण्याआधी त्याने मालकांना लेखी सूचना दिल्या, त्यातली एक तिच्याबद्दल होती. दुभाष्याने फक्त शब्दांचं भाषांतर करावं. भर घालू नये, गाळू नये, मवाळ करू नये, मागाहून खुलासे पाठवू नयेत. प्रत्येकाने आपलं आपण बोलावं. मालकांनी तो कागद तिच्यापुढे ठेवला आणि जरा ओशाळून म्हणाले, "बाई, म्हणजे तुमच्या कामाला नावं ठेवतोय असं नाही."

"नाही, नाही. बरोबरच आहे."

तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी जाताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. अठरा वर्षं दुसऱ्यांचे नकार उचलून नेऊन ती थकली होती. बैठकीत ती 'मी' म्हणायची तो कधी मालकांचा असायचा, कधी पाहुण्याचा, कधी भट्टीवाल्याचा. दिवसाकाठी शंभरदा मी म्हणून घरी यायचं आणि नवऱ्याने आज काय करायचं विचारलं की उत्तरच सुचू नये. कागदाने तिला आता सुट्टी दिली होती. ज्याचं त्याने बोलावं. किती साधी गोष्ट.

बैठकीच्या सकाळी ती दादाच्या घरी गेली. वहिनी त्याच्या गोळ्या डबीत भरत होती.

"हे आज बोलणार आहेत म्हणे," वहिनी म्हणाली. "तुम्हाला खरं वाटतं?"

"सांगेन की," दादा बूट घालत म्हणाला. "शिकवलंय ना आता. ती बाई विचारेल, मी सोळा म्हणेन. त्यात काय."

"दादा, आज मी काही करू शकणार नाही हं," ती म्हणाली. "तू बोलशील तेवढंच मी सांगणार. मागाहून पत्र नाही. कळलं?"

"कळलं गं. किती वेळा सांगशील."

वहिनीने डबी त्याच्या खिशात घातली, वरून खिसा थोपटला आणि दुभाषीबाईंकडे बघितलं. "तुम्ही असालच ना तिथे," ती म्हणाली, आणि तिच्या जिवाला तेवढ्याने थोडं स्वस्थ वाटल्यासारखं झालं.

पाहुणी तिशी-पस्तिशीची होती, आखूड केसांची, अगदी नीटस. चहाला नको म्हणाली नाही, मालकांच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली, आईंची तब्येत विचारली. तिलाही तिकडे कुणीतरी तक्ता दाखवला असणार, हे दुभाषीबाईंना पहिल्या पाच मिनिटांत कळलं. इकडच्यांना आडून बोलणाऱ्या टोकावर बसवणारा तक्ता तिकडेही होताच. त्यात तिला शिकवलं होतं की ही माणसं पहिल्यांदा विचारल्यावर खरं सांगत नाहीत, म्हणून एकच प्रश्न तीनदा विचारा, वेगवेगळ्या शब्दांत. हे मात्र दुभाषीबाईंना फार उशिरा कळलं.

नकाशे झाले, चाचण्या झाल्या, मुदतीवर गाडी आली.

"दहा आठवडे," पाहुणी म्हणाली. "जमेल?"

मालकांनी दादाकडे हात केला. "हे आमचे भट्टीप्रमुख. माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहेत. यांचा शब्द तो माझा शब्द. तेच सांगतील."

मालक हे मनापासून बोलले आणि तिथेच घोडं अडलं. वडिलांचं नाव निघालं, शब्द शब्दाला बांधला गेला. दादाने तोंड उघडलं. ती बाजूलाच होती, त्याच्या ओठांवर सोळाचा आकार येताना तिने बघितला. मग त्याची नजर थोरल्या मालकांच्या तसबिरीवरून मालकांवर आणि तिथून पाहुणीच्या पुढ्यातल्या अर्ध्या कपावर गेली.

"होईल," दादा म्हणाला, आणि क्षणभर बहिणीकडे बघितलं.

ती नजर तिला अठरा वर्षं ओळखीची होती. पर्समधला कागदही ओळखीचा होता. 'ज्याचं त्याने बोलावं,' ती मनाशी म्हणाली. तिने भाषांतर केलं, "होईल."

पाहुणीने मान हलवली आणि पुन्हा विचारलं, "माल वाळायला वेळ लागतो म्हणतात. त्यात काही अडचण येऊ शकेल का?"

दादाला हे लागलं. पस्तीस वर्षांच्या कामात त्याला कुणी चारचौघांत असं विचारलं नव्हतं. "अडचण काही नाही," तो मघापेक्षा जोरात म्हणाला.

"अडचण काही नाही," तिने सांगितलं.

"आणखी दोन आठवडे मिळाले तर तुम्हाला आवडेल का?" हे तिसरं. पाहुणीने ते अगदी मऊ आवाजात विचारलं. तिच्या मते ती त्याला सुटायला वाट देत होती, आणि दादाच्या मते ती त्याला मालकांसमोर नालायक ठरवत होती.

"दहा म्हणजे दहा," दादा म्हणाला. "माझा शब्द आहे."

एका वाक्यात सगळं थांबवता आलं असतं. पण ती दमली होती, आणि तिला रागही आला होता, सकाळी बूट घालताना सांगेन की म्हणणाऱ्या त्या माणसाचा. भोग म्हणावं आता आपल्या कर्माची फळं. तिने त्याचं वाक्य जसंच्या तसं पलीकडे दिलं, शब्दाला शब्द. प्रशिक्षकाने तिच्याही छातीवर हिरवा गोल चिकटवला असता. पाहुणीने तारखेच्या रकान्यात तारीख घातली. सह्या झाल्या. मालकांचा जीव भांड्यात पडला.

पाच वाजता दादा तिच्या टेबलाशी आला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, इकडेतिकडे बघितलं.

"लिही मग," तो म्हणाला.

"काय लिहू?"

"सोळा लागतील म्हणून. नीट लिही, त्या बाईला वाईट वाटेल असं नको. पोरगी चांगली आहे."

"दादा, सह्या झाल्या. तारीख भरली तिने. आता कसलं पत्र?"

"तारीख भरली?"

"तुझ्यासमोर भरली. तीनदा विचारलं तिने. तीनदा तू हो म्हणालास. आज मी काही करणार नाही, हे मी सकाळी तुला सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलंस," दादा म्हणाला. तो चिडला नव्हता. वाट चुकलेल्या माणसासारखा उभा होता. "पण तू होतीस ना तिथे."

तो एवढंच बोलला आणि खिशातली डबी चाचपत वाळवणखोलीकडे गेला. थोड्या वेळाने शिपाई सांगत आला की प्रमुखांनी घरून अंथरूण मागवलंय.

त्या संध्याकाळी तिने वहिनीला फोन केला नाही. काय सांगणार होती? तुम्ही असालच ना तिथे, असं वहिनीने विचारलं होतं, आणि ती होती. तीन वर्षांपूर्वी निदान ताप तरी होता.

सकाळी पाहुणीला विमानतळावर पोहोचवायला मालकांनी तिलाच पाठवलं. दोघी मागच्या सीटवर बसल्या. रस्त्याकडेला विजेचे मनोरे एकामागून एक जात होते. तिसऱ्या सिग्नलला दुभाषीबाईंनी बोलायला सुरुवात केली. आधी म्हाताऱ्याचं सांगितलं, त्याच्या कोऱ्या रकान्याचं, जादा दिवसाचं, आपल्या पत्रांचं. मग सोळा आठवड्यांचं. मग दादाच्या हृदयाचं. तो आपला भाऊ आहे हे तिने सगळ्यात शेवटी सांगितलं, कारण अठरा वर्षांत कुठल्या पाहुण्याला ते सांगायची वेळच आली नव्हती.

पाहुणीने मधे एकदाही तोडलं नाही. मग ती म्हणाली, "मी तीनदा विचारलं. मला तसंच शिकवलं होतं."

"तीनदा विचारलंत म्हणूनच तर तो हट्टाला पेटला."

"आमच्याकडे टेबलाशी बसलेला माणूस गप्प राहिला, तर त्याची संमती धरतात. प्रत्येकाची. भाषांतर करणाऱ्याचीसुद्धा." पाहुणी खिडकीतून बाहेर बघत होती. आवाजात राग नव्हता, नवल होतं. "तुम्ही होतात ना तिथे."

दुभाषीबाईंना एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. एक वर्तुळ तक्त्याच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला, आणि दोघांनी तिला एकच वाक्य ऐकवलं होतं. अठरा वर्षांत दोन्ही बाजूंचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं होतं, ते तिच्यावर.

"गाडी वळवा म्हणावं," पाहुणी घड्याळ बघून म्हणाली. "पुढचं विमान दुपारी आहे. पण हे मला तुमच्याकडून पुरणार नाही. त्यांच्या तोंडून ऐकायला हवं."

वाळवणखोलीत दमट मातीचा वास होता. छातीइतक्या उंचीचे नग ओळीने उभे, अंगावर ओली गोणपाटं, भिंतीवर हवेतली ओल दाखवणारं तबकडीचं यंत्र. दादा हातातल्या लाकडी हातोडीने एकेक नग हलकेच वाजवत, कान देत फिरत होता. कोपऱ्यात अंथरुणाची वळकटी होती. फाटकावरच्या माणसाने कळवलं असावं, कारण मालकही धापा टाकत मागोमाग येऊन दारात उभे राहिले. चार कामगार हातातलं टाकून बघू लागले.

"विचारा त्यांना," पाहुणी म्हणाली.

दादाने पाहुणीला बघून तोंडभर हसू आणलं. ते हसू बहिणीच्या ओळखीचं होतं. आता विचारलं तर तो चौथ्यांदा हो म्हणेल, मालक आहेत, कामगार आहेत, तो आणखी जोरात म्हणेल. म्हणून तिने विचारलंच नाही.

"मी सांगते," ती म्हणाली. आधी आपल्या भाषेत, मग पाहुणीच्या. "दहा आठवड्यांत होणार नाही. सोळा लागतील. दहात करायला गेला तर माल तडकेल, आणि हा इथे अंथरूण टाकून मरेल. तीन वर्षांपूर्वी पण होणार नव्हतं. तेव्हाही कुणी बोललं नाही."

तिचा आवाज चिरका लागला. पाहुणीने विचारलं, "हे कोण सांगतंय? ते की तुम्ही?"

"मी. मी त्याची बहीण."

मालकांचा चेहरा पडला होता. तीन वर्षांपूर्वीचं ऐकून त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला होता. दादा खाली बघत होता. हातोडी त्याने या हातातून त्या हातात घेतली, पुन्हा या हातात घेतली. माणसांसमोर बहिणीने त्याचा शब्द मोडला होता, आणि तो आता काय करेल हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

मग त्याने मान वर केली. पाहुणीकडे बघितलं नाही, बहिणीकडेही नाही. मालकांकडे बघितलं.

"ती सांगते ते खरं आहे," दादा म्हणाला.

तसा त्याने याही वेळी नकार दिला नव्हताच. नकार तिसऱ्या माणसाकरवी गेला होता, रीतसर. त्याने फक्त सगळ्यांसमोर पोच दिली होती. पण त्याच्या तोंडून आली होती, आणि पाहुणी तेवढ्याचीच वाट बघत होती.

"ती सांगते ते खरं आहे," दुभाषीबाईंनी पाहुणीला तिच्या भाषेत सांगितलं, रोजच्या सपाट आवाजात, जणू ती दुसरीच कुणी होती.

पाहुणीने बॅगेतून कागद काढला, तारीख खोडली, शेजारी नवी घातली आणि मालकांपुढे धरला. मालक खिसे चाचपत पेन शोधू लागले, आणि दादाला म्हणाले, "मला का नाही हो सांगितलंत?" दादाने एका कामगाराला खुणेने कोपऱ्यातली वळकटी उचलायला सांगितली.

बाजूला एक लाकडी खोकं पालथं पडलं होतं, त्यावरची माती दादाने बाहीने पुसली.

"बस जरा, चिमे," तो हळूच म्हणाला. "दमलीस."

ते काय म्हणाले, असं पाहुणीने नजरेनेच विचारलं. दुभाषीबाई खोक्यावर बसल्या आणि त्यांनी ते वाक्य पलीकडे दिलं नाही.